बाटलीवरचं ‘बंद’

(जंतूंची प्रयोगशाळा. दार लावलेलं, नळ वाहतोय. दोघी एकाच घरातल्या: नणंद आणि भावजय.)

भावजय: पण वन्सं, बाटलीवर ‘बंद’ लिहिलंय. तुमच्याच अक्षरात. बंद म्हणजे विष बंद, हो ना?

नणंद: बोट नळाखाली धर. पिळू नकोस.

भावजय: धरलंय. सुई बोटात गेलीय, कानात नाही. उत्तर द्या.

नणंद: राखणदार बंद.

भावजय: काय?

नणंद: विषाच्या जनुकावर एक प्रथिन ठाण मांडून बसतं ना, ते. ते बसलंय तोवर जनुक वाचलं जात नाही, विष बनत नाही. या बाटलीतल्या जंतूंचं ते प्रथिन मीच काढून टाकलंय. म्हणून लिहिलं, बंद.

भावजय: म्हणजे विष चालू!

नणंद: ओरडू नकोस.

भावजय: दुकान सताड उघडं आणि वर पाटी ‘बंद’! तुमच्या घराण्याची बोलीच निराळी. तुमचा भाऊ ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा त्याच्या पायात चपलाही नसतात.

नणंद: शेजारच्या बाटलीची सुई टोचली असती तरी...

भावजय: त्यातल्यांना राखणदार आहे की!

नणंद: हाताशी लोह आहे तोवरच तो बसतो. बाटलीत लोह भरपूर. आपलं शरीर मात्र ते कंजुषासारखं लपवून ठेवतं. लोह मिळेनासं झालं की राखणदार उठला. जंतूला तेवढ्यावरून कळतं, आलो माणसात.

भावजय: धीर देताय की घाबरवताय?

नणंद: मलाच घाम फुटलाय गं. लहानपणी या जंतूंवरची लस टोचली होती ना तुला?

भावजय: आई म्हणते, टोचली. बाबा म्हणतात, मी डॉक्टरलाच चावले, म्हणून तशीच परत आणली.

नणंद: अरे देवा!

भावजय: वन्सं, पिल्लू अजून अंगावर पितंय. घरी गेल्यावर मी त्याला जवळ...

नणंद: घरी नाही, इस्पितळात. गाडी निघालीय. बाकी औषधं आहेत त्यांच्याकडे, विषावरचा उतारा तेवढा संपलाय. तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कोठारातून आणायचाय.

भावजय: कोण आणतंय?

नणंद: कोठाराच्या समोरच ज्याचं ऑफिस आहे, तो.

भावजय: तुमचा भाऊ?

नणंद: दुसरं कोण होतं तिकडे?

भावजय: काय म्हणाला?

नणंद: नळ बंद कर आता.

भावजय: वन्सं, काय म्हणाला तो?

नणंद: ...‘आलोच.’