दारात बसलेला धुक्या

दंतवैद्याकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर दोन जुन्या मैत्रिणी अचानक भेटल्या.

"अगं, तू! तो फासे टाकून प्राणी पकडायचा खेळ अजून खेळता तुम्ही?"

"दर रविवारी, त्याच टेबलावर. तुझ्या खुर्चीवर आता पिशव्या ठेवतो."

"आणि माझा धुक्या? सात रविवार घालवून पकडलेला कोल्हा?"

"आहे ना. खेळातल्या घराच्या दारात तुझी वाट बघत बसतो."

"चार वर्षं? अगं, मालकीण आली नाही तर तिच्या प्राण्यासाठी फासा टाकायचा, सहा पडला की तो दुसऱ्याचा. नियम मीच केला होता."

"टाकतो की दर वेळी."

"आणि एकदाही सहा पडला नाही?"

"पडतो ना. मग आम्ही परत टाकतो."