काकांना काय सांगायचं

केमोला आत बोलावेपर्यंत आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर. माझ्या शेजारी पंचविशीचा एक मुलगा आणि त्याची आई.

“आई, काकांचा मेसेज आलाय. कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगतायत. का?”

“बस ना मग. वडीलधारं माणूस सांगतंय.”

“तू त्यांना काय सांगितलंयस?”

“मूळव्याध.”

“मूळव्याध?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“इथे सगळे कॅन्सरवाले बसलेत, मूळव्याधीची लाज कसली?”

“फोनवर तो शब्द तोंडातून निघेना रे. सुचलं ते बोलून गेले.”

“आणि ताईच्या सासरी?”

“तिकडेही तेच. सगळीकडे एकच सांगितलेलं बरं.”

“माझे केस गेल्यावर काय सांगशील? मूळव्याधीनं टक्कल पडतं?”

“काकांना पडलंच आहे की.”

“आत्ता फोन लाव आणि खरं सांग त्यांना.”

“कसं सांगू? इतकी वर्षं काकूलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता, ते माझ्यापाशी मोकळे झाले. म्हणाले, वहिनी, आता घरात मी एकटा नाही.”

“मग मी काय करू?”

“थोडे दिवस सांभाळून घे. बरा झालास की सांगू.”

“कशातून बरा झालो की?”

“दोन्हीतून.”