नव्वद सेकंद

— नाही काका, बाबांनी डाव सोडलेला नाही. तुमच्या फोनवर काय आलं ते मला माहीत आहे, 'प्रतिस्पर्ध्याने डाव सोडला', ते चौदा दिवस चाल झाली नाही की आपोआप येतं, बाबांनी लिहिलेलं नाही. बाबा कुठून लिहिणार? अर्धांगाचा झटका आला तसं बोलणं गेलं, उजवा हात गेला, उरला डावा अंगठा, आणि त्या अंगठ्याने फोनवर रोज बुद्धिबळाची एक चाल, तुमच्याशी. तेवढंच त्यांचं बोलणं. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तीस वर्षं कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उभे होतात दोघं. बसा ना तुम्ही. मी उभाच बरा आहे.

झालं काय — तुमचा डाव चालायचा त्या ॲपमध्ये खेळ आहेत हजारो. उघडलं की वर चार दिसतात, 'खास तुमच्यासाठी'. खास कसले डोंबलाचे. निवडतं कोण? माणूस नाही निवडत, नियम निवडतो. ज्या खेळात बोट सारखं चालतं तो वर, ज्यात थांबतं तो खाली. मग वर काय येणार? गोळ्या फोडणं. तीन रंगीत गोळ्या जुळल्या की फुटतात, टाळ्या वाजतात, हरत आलात की मुद्दाम एक सोपी गोळी टाकतात, म्हणजे माणूस उठत नाही. शिसारी येते काका. खरकट्यावर माश्या बसाव्यात तसे लोक बसलेले, आणि ऑफिसात त्याला म्हणतात 'आवड'. आकडा चढला की केक कापतात. मीही खाल्लाय. — हो, तिथेच आहे ना मी नोकरीला. बाबांनी सांगितलं असेल तुम्हाला, बोलत होते तेव्हा, कौतुकाने.

तर नव्वद सेकंद. नव्वद सेकंद बोट लागलं नाही की खेळाडू कंटाळला असं धरायचं. बैठकीत कोणीतरी म्हणालं, दीड मिनिट पुष्कळ झालं, एवढं थांबतं कोण? आणि बाबा एकेका चालीला चाळीस मिनिटं घेणार. तुम्हीच चिडायचात ना, जेवणाच्या सुट्टीत डाव पुरा होत नाही म्हणून? काल मी त्यांची नोंद उघडून बघितली. रोजच्या चालीपुढे एकच शब्द, कंटाळला. कंटाळला. कंटाळला. बुद्धिबळ सरकत सरकत तळाला गेलं, तिथवर तो अंगठा पोचत नाही, आणि वर आल्या गोळ्या. बाबा फोन माझ्यापुढे धरायचे, घशातून आवाज काढायचे, मला वाटलं पुढची लेव्हल हवीय. दिली उघडून. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी फोन भिंतीवर फेकला, तर मी त्यांच्यावर ओरडलो, लहान मुलावर ओरडावं तसा — असं बघू नका काका. बैठकीतलं ते 'कोणीतरी' म्हणजे मीच. एवढं थांबतं कोण, हे माझंच वाक्य. सगळे हसले होते, मला बरं वाटलं होतं.

आता हे सांगायचं नव्हतं, पण ऐकाच. फोन फुटल्यावर बाबांनी कपाटातून पट काढला. एका हाताने. अर्धा दिवस तरी लागला असेल. तुमचा डाव होता तसा मांडला, आठवणीतून, आपली चाल केली आणि माझी वाट बघत बसले — तुम्हाला कळवावी म्हणून, दुसरं काय. मी कामावरून आलो, टेबलावर पसारा दिसला, ताटं मांडायची होती. मोहरे गोळा केले नि डब्यात टाकले. त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, हो हो बाबा, उद्या खेळू आपण. तेव्हापासून ते कशालाच हात लावत नाहीत. चमचासुद्धा उचलत नाहीत, मी भरवलं तर तोंड मिटून घेतात, दोन घास घेतात ते नर्सबाईंच्या हातून.

ॲपवर शोधून झालं. बंद झालेला डाव आम्ही ठेवत नाही, जागा फुकट जाते म्हणून. तेव्हा हा पट घेऊन आलोय. तुम्हाला आठवतोय का, कुठवर आला होता? बाबांनी काय चाल केली ते मी बघितलंसुद्धा नाही. — हां. हत्ती तिथे. प्यादं एक घर पुढे. थांबा, तो घोडा आडवा पडला, मी उचल — बरं. नाही लावत हात.

बाबा खाली गाडीत आहेत. वर आणतो म्हटलं तर मान फिरवली माझ्याकडून. तुम्ही जरा खिडकीतून दिसलात तरी — अहो, निघालात कुठे? जिना आहे काका, पट माझ्याकडे द्या, सगळं सांडेल, तुमचे गुडघे — निदान दार तरी उघडू द्या. येऊ नको? बरं. इथेच थांबतो मी. पण काका, किती वेळ —