भात बंद, पेज चालू

आमचं मूळ गाव परभणीकडं. आजोबा निजामाच्या अमलात हैद्राबादला आले, येताना शेत सोडलं पण भूक बरोबर आणली, आणि त्या भुकेच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळ्यात मोठा वाटा माझ्याकडं आला. मी जन्मले तेव्हा सुइणीनं मला उचललं आणि परत खाली ठेवलं, म्हणाली दुसरी कोणी तरी बोलवा, माझी कंबर जाईल. हसू नका. त्या वेळी आमच्या मलकपेठेत सायकलरिक्षा होत्या, मी मागं बसले की पुढचं चाक वर उठायचं आणि रिक्षावाला चंद्राकडं तोंड करून पायडल मारायचा. थोडं वाढवून सांगते मी, तो माझा स्वभावच आहे, पण थोडंच.

माझं नाव शकुंतला. आमचे हे मला शकू म्हणायचे. हे म्हणजे अगरबत्तीची काडी. लग्नात मांडवभर लोक म्हणाले, पहिलवान आणि त्याची काठी. सुलतान बाजारात साडीच्या दुकानात सेल्समन होते, उभा जन्म गादीवर बसून साड्या उलगडण्यात गेला, आणि गिऱ्हाईक अडून बसलं की हे उठून साडी स्वतःच्याच अंगावर नेसून दाखवायचे, खांद्यावर पदर, हातात निऱ्या, मिशी तेवढी मधे येते, ती नक्को देखो अम्मा, म्हणायचे. घरी येऊन मला सांगायचे, शकू, आज मी बारा वेळा नवरी झालो. बाईकडं नुसतं बघून हिला निऱ्या किती पडतील हे ते सांगायचे, आणि कधी चुकायचे नाहीत. मला तीन पडायच्या, त्यातली तिसरी दया म्हणून. तुला साडी नाही ग, मांडवाचं कापड लागतं, म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी जास्त लांबीची साडी शोधून आणायचे.

लेकरू काही झालं नाही आम्हाला. मी घरी पुरणपोळ्या करून द्यायचे, इथल्या मराठी घरांतून ऑर्डरी यायच्या, होळीला तर दारात रांग. पहिली पोळी देवाला, दुसरी ह्यांना, आणि बिघडल्या तेवढ्या माझ्या. माझ्या फार बिघडायच्या.

मग ह्यांचे डोळे पिवळे झाले. पोट सुटलं, हातपाय वाळले. लोक हळूच विचारायचे, पीत होते का हो. काय सांगू तुम्हाला, ह्या माणसानं सोड्याची बाटलीसुद्धा जिभेला चावते म्हणून अर्धी टाकलेली. जुनी कावीळ आत धरून बसली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, काळीज गेलं. म्हणजे ते प्रेमातलं नाही, खाटीक तोलून देतो ते. कोणाचा तरी तुकडा काढून लावावा लागेल. रक्त माझं जुळलं. मी तिथंच उभी राहिले, म्हटलं घ्या, तुकडा कशाला, अख्खं घ्या, माझं म्हशीएवढं असेल. जगात सगळ्या बायका नवऱ्याला काळीज देते म्हणतात, मी पहिली, पदर खोचून द्यायला निघालेली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बाई, तुमच्या काळजावर चरबीचा थर आहे, असलं लावता येत नाही. वजन उतरवा, ते साफ होईल, मग घेऊ. पण लवकर करा, ह्यांच्याकडं वेळ थोडा आहे.

तिथं आहार सांगणारी एक मॅडम होती. तेलगू पोरगी, शेवयीसारखी बारीक, अर्धं तेलगू अर्धं हिंदी बोलायची आणि ते पण एक्स्प्रेस गाडीसारखं. म्हणाली, अम्मा, तीन फेज हैं. चावल पूरा बंद, पहला फेज चालू. बरोबर इंग्रजी कागद दिला, तो मी देवाजवळ ठेवला. आता तुम्ही मराठी माणूस आहात, तुम्हीच सांगा, भात बंद आणि पेज चालू, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? आजाऱ्याला आपण पेजच देतो ना? ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, बरोबर आहे, आधी पहिली पेज, निव्वळ पाणी, मग दुसरी जरा दाट, मग तिसरी शितांची, टायफॉइडनंतर माझ्या आईनं मला असंच वर आणलं होतं. दोघांनी मिळून मान डोलावली. मी मोठं पातेलं चढवलं. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज, वर तुपाची धार, कारण नुसती पेज घशाला ओरबाडते. पंधरा दिवस मी दुसऱ्या कशाला शिवले नाही. पुरण वाटलं आणि बोटसुद्धा चाटलं नाही.

पंधरा दिवसांनी काट्यावर उभी राहिले तर काटा वर. मॅडम म्हणाली, क्या खाए अम्मा? मी छाती काढून म्हटलं, तुम बोले वोइच, सुबह पेज, शाम को पेज. ती म्हणाली, फेज खाते नहीं अम्मा, फेज करते. मग मी पातेलं, तांदूळ, तूप सगळं सांगितलं, तर त्या पोरीनं टेबलावर डोकंच टेकलं. हे चाकाच्या खुर्चीत होते, इतके हसले की नर्स धावत आली. मी पण हसले. सगळा मजला हसला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

मग खरं चालू झालं. पहिल्या फेजला भात नाही, भाकरी नाही, गूळ-साखर नाही, डाळ, अंडं, पालेभाजी, ताक, आणि संध्याकाळी रेसकोर्सच्या भिंतीकडेनं चालणं, आतले घोडे पळायचे आणि बाहेर मी, बघणाऱ्याला पैज कोणावर लावावी कळेना. दुसऱ्या फेजला अर्धी ज्वारीची भाकरी ताटात आली तेव्हा मी तिला हात जोडले. तिसरा फेज म्हणजे सगळं खायचं पण पसाभर, आणि तो जन्मभर. हे मात्र पेजच म्हणायचे, कितवी पेज चालू आहे ग शकू, म्हणून रोज छळायचे. आणि सकाळी मी साडी नेसले की खाटेवरून निऱ्या मोजायचे. काट्याची गरजच नव्हती आमच्या घरात. एक दिवस म्हणाले, चौथी पडली. मग पाचवी. मी उतरत होते आणि तेही उतरत होते, मला वाटायचं देवानं दोघांना एकाच चुलीवर ठेवलंय. पण मी धावतच होते हो. ह्यांच्या आधी पोचायचं होतं मला.

आणि पोचले की. रिपोर्ट आला तेव्हा ती मॅडम व्हरांड्यातून पळत आली, अम्मा, पास! मी तिला उचलून गोल फिरवलं, आता हे खोटं वाटेल, पण खरंच फिरवलं. ऑपरेशनचा दिवस ठरला.

त्याच आठवड्यात ह्यांना ताप भरला. पोटातल्या पाण्यात विषार झाला म्हणाले, भान कधी यायचं, कधी जायचं. डॉक्टर म्हणाले, आता कापता येणार नाही, ह्यांच्यात सोसायची ताकद राहिली नाही. मी भांडले. दवाखाना डोक्यावर घेतला. म्हटलं, धुऊन-पुसून आणलंय, घासून आणलंय, आता नको म्हणता? मी विचारलं, ते पंधरा दिवस वाया गेले नसते तर? म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. आता एवढे शिकलेले, पण खोटं बोलायला नाही आलं त्यांना. मला विचारलं असतं तर मी शिकवलं असतं.

एका दुपारी ह्यांना चांगली जाग आली. मी खाटेशी उभी. माझ्याकडं बघून म्हणाले, निऱ्या कशा घातल्यास, जवळ ये. बोटात जीव नव्हता, तरी एकेक निरी धरून सारखी करत होते, मोजत होते, मधेच थांबले, म्हणाले, ही सहावी का सातवी? मी म्हटलं सातवी. मग म्हणाले, शकू, झालं आता, जेव तू. भात खा. माझ्यासमोर खा, पोटभर.

दवाखान्याच्या खालच्या कँटीनमधून दहीभात मागवला. त्यांच्यासमोर बसले. ज्या बाईनं पंगतीच्या पंगती संपवल्या तिला चौथा घास उतरेना. पोट एवढंसं झालेलं. मी घास तोंडात धरून बसले आणि हे बघत राहिले, आणि मग तो जन्मभर हसवणारा माणूस रडायला लागला. माझं खाणं गेलं म्हणून रडला हो. स्वतःसाठी नाही. त्यानंतर दोन दिवसांनी गेले.

आता सुलतान बाजारात गेले की बायका धरतात. अगं शकू, केवढी बारीक झालीस, काय केलंस, आम्हाला पण सांग ना. मी सांगते. एकीला सांगितलं, पहाटे एका पायावर उभं राहून कोहळ्याचा रस घ्यायचा, तर तिनं घेतला, पडली, आणि तिच्या नवऱ्यानं मला फोन केला. दुसरीला सांगितलं जेवताना उलटे आकडे म्हणायचे. खरं कसं सांगणार? खरं सांगितलं तर त्या बाजारातच रडतील, मग त्यांची खरेदी राहील.

पोळ्या अजून करते. गुडघे दुखत नाहीत, धाप लागत नाही, जिने चढते. मागच्या महिन्यात तपासायला गेले, तर ती मॅडम कागद बघून एवढी खूश, टाळ्या वाजवायला लागली, म्हणाली, अम्मा, सब एकदम अच्छा, तुम नब्बे साल जियेंगे देखो. नव्वद. मी घरी कुलूप उघडून एकटीनं आत जायचे दिवस मनात मोजायला लागले आणि सोडून दिलं. पोर आहे ती, माझं चांगलंच चिंतते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो माय.