डावीकडची सीट

मास्तर: बॉनेटवर हात ठेवतोय, डॉक्टर. राग मानू नका. गार आहे ना, ते आधी बघतो.

डॉक्टर: ठेवा की. ताप नाही तिला.

मास्तर: काय असतं, विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात. मग थंड असताना ते किती खोकतं, धूर सोडतं का, काही कळत नाही. आता ही... गारच आहे.

बायको: गार आहे तर एवढं तोंड कशाला पाडताय?

मास्तर: कुठे पाडलं?

बायको: आरशात बघा. मागच्या आठवड्यात त्या कापडवाल्याची गाडी गरम निघाली, तेव्हा केवढे खूश झालात. बसस्टॉपपर्यंत शीळ घालत आलात.

डॉक्टर: बसने? मास्तर, तुमचं तर ड्रायव्हिंग स्कूल ना?

मास्तर: होतं. आता पुतण्या बघतो, गाडीही त्याच्याकडे गेली. अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली, आणि आता त्या अर्ध्या गावाला बसस्टॉपवरून हात करतो. ते हॉर्न वाजवतात आणि पुढे निघून जातात. हॉर्न वाजवायचं मीच शिकवलं. थांबायचं जरा जास्त शिकवायला हवं होतं.

डॉक्टर: माझंही तेच. जन्मभर लोकांना समोरची पाटी वाचायला लावली. आता पाटी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते मला दुसऱ्याला विचारावं लागतं. काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरला! लोकांना ओरडायचो, वेळेवर तपासून घ्या म्हणून. स्वतःला काही अपॉइंटमेंट मिळाली नाही.

बायको: म्हणून विकताय होय?

डॉक्टर: म्हणूनच, वहिनी. एरवी कोणाला हात लावू दिला नसता.

मास्तर: अगं, पिशवीतलं ते दे जरा.

बायको: घ्या. हसू नका डॉक्टर, हे आमच्या फ्रिजवरचं वांगं आहे. मागे लोहचुंबक आहे त्याला. हे वांगं घेऊन हे गावभरच्या गाड्या चाचपत फिरतायत, आणि घरी विजेचं बिल फ्रिजवरून घसरून सोफ्याखाली जातंय.

मास्तर: त्यात शास्त्र आहे. पत्रा असेल तर वांगं चिकटतं. ठोकून, पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर घसरतं. हे बघा, पुढचं दार, चिकटलं. हे मडगार्ड, चिकटलं. हे मागचं दार... घसरलं! बघितलंत? पडलं वांगं!

बायको: आता शीळ येणार.

डॉक्टर: डावीकडचं मागचं दार ना? बरोबर आहे. गेटच्या खांबाला घासली मी. रोजचं गेट, रोजचा खांब. उतरून बघितलं तर खांब आपल्या जागेवर. माझेच डोळे जागेवर नव्हते. मला तिथे कळलं ते. गाडी आत लावली आणि किल्ली खिळ्याला टांगली. वाईट वाटलं हो खूप. दार गॅरेजवाल्याने पुट्टी भरून दिलं, आता तोच येऊन फिरवून आणतो तिला, तेवढंच.

मास्तर: जाऊ दे, डॉक्टर. दारच तर आहे. काही नाही त्यात.

डॉक्टर: पण एक विचारू? दोघंच माणसं तुम्ही. एवढी लांबलचक गाडी कशाला हवीय?

मास्तर: ते आपलं...

बायको: मी सांगते. डॉक्टर, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, लेकीचं लग्न झालं, पण यांनी चालवलेल्या गाडीत मी एकदाही बसलेली नाही.

डॉक्टर: काय सांगता! ड्रायव्हिंग मास्तरांची बायको?

बायको: म्हणूनच. गाडी स्कूलची, पेट्रोल स्कूलचं, मग घरची सगळी कामं शिकणाऱ्यांच्या तासात. बाजारात जायचं तर स्टिअरिंगवर कोणीतरी शिकाऊ, हे डावीकडे चप्पल काढून, आपल्या त्या जास्तीच्या ब्रेकवर अनवाणी पाय ठेवून, आणि मी मागे भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तर गाडी चालवत होते पतपेढीतले एक क्लार्क. त्यांचा दुसरा दिवस! दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली, चालू केली, परत बंद पडली.

मास्तर: पण चढावर गाडी उचलायला शिकले ते त्या दिवशी. जन्मात विसरणार नाहीत.

बायको: मीही नाही विसरणार. मी मागे कळवळतेय, आणि हे त्या क्लार्कच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "घाबरायचं नाही, मी पाय ठेवलाय." मला नाही हं म्हणाले. त्यांना!

मास्तर: तुला म्हणून काय उपयोग होता?

बायको: ऐकलंत? तर तेव्हा बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून यांनी शब्द दिला. स्कूल सोडलं की मोठी, ऐसपैस गाडी घेईन, स्वतः चालवीन, आणि तू मागे नाही, पुढे बसायचं. माझ्या शेजारी.

डॉक्टर: मग घ्या की. शुभस्य शीघ्रम्.

मास्तर: घ्यायचीच आहे हो. पण बघून नको का घ्यायला? जुनी मोठी गाडी म्हणजे नटी असते, वरून पावडर आणि आतून दुखणी. थांबा, कार्पेटखाली हात घालून बघतो.

डॉक्टर: ओल लागेल. मागे डावीकडे. छताची काच गळते. धो धो पाऊस असला की तिथे बसणाऱ्याच्या मांडीवर थेंब पडतो. एकच पडतो, पण नेमका पडतो.

मास्तर: अहो डॉक्टर, तुम्ही काहीतरी लपवा ना! मी शोधायला आलोय, मला शोधू तरी द्या.

डॉक्टर: दुखणं लपवायचं काम पेशंटचं. आणखी एक सांगतो. स्प्रिंगच्या जागी हिला हवेच्या पिशव्या आहेत, त्यातली मागची एक गळते. रात्रीत मागून खाली बसते आणि सुरू केली की कण्हत कण्हत वर येते. सकाळी मी उठतो तशीच. ती पिशवी बदलावी लागेल आणि ती स्वस्तात होत नाही. किंमत सांगितली ती हे सगळं धरूनच.

बायको: बघा. माणूस स्वतःहून सांगतोय. आणखी काय हवंय तुम्हाला?

मास्तर: इंजिन! इंजिन राहिलंय. ऑइलचं झाकण उघडतो. आत लोण्यासारखं पांढरं काही जमलं असेल तर समजायचं, पाणी शिरलंय. मग या सगळ्या गप्पा इथेच थांबल्या... नाही. स्वच्छ आहे.

बायको: अरेरे.

मास्तर: टोमणे नकोत. किल्ली द्या, डॉक्टर. दिवे बघतो.

बायको: आत बसून फिरवा की. बाहेरून वाकून कंबर कशाला मोडताय?

मास्तर: असंच बरं दिसतं. हं. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले पाहिजेत. काही बिलंदर लोक बिघाडाचा दिवाच काढून टाकतात, म्हणजे कटकट नको. इंजिनचा, लागला. ब्रेकचा, लागला. एअरबॅगचा... लागला. आता सुरू करतो. अगं, तू मागे जा. धूर कसा येतो ते सांग.

बायको: आले. करा सुरू.

मास्तर: केली.

बायको: कधी?

मास्तर: चालूच आहे. आवाज नाही तिला. धूर? निळा?

बायको: नाही.

मास्तर: काळा?

बायको: रुमाल धरलाय मी पाइपसमोर. पांढराच आहे अजून.

मास्तर: नीट बघ ना.

बायको: आता काय, घरून काजळ आणून लावू का त्याला?

डॉक्टर: मास्तर, सुरू झाली की दिवे जायला हवेत, गेले का सगळे?

मास्तर: गेले. एकही राहिला नाही. काय म्हणावं आता...

बायको: मी म्हणते काय म्हणावं ते. पहिली गाडी चांगली होती, तर आत उदबत्तीचा वास येतो म्हणालात. वास लपवायला लावली असणार! दुसरीचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे. कबूल. तिसरीत काहीच निघेना, तर म्हणालात, मालक डोळ्याला डोळा देत नाही. चकणा होता हो तो बिचारा!

डॉक्टर: माझ्याकडे यायचा. फार सज्जन माणूस.

मास्तर: झालं. आता तेही माझ्या डोक्यावर.

डॉक्टर: असं करा, एक चक्कर मारून या. गाडी बघून कळत नाही, चालवून कळते. मीही येतो. मागे बसतो, माझे कान शाबूत आहेत. कुठे काय खडखडतंय ते बसल्या बसल्या सांगीन.

मास्तर: आत्ता? आत्ता रस्त्याला गर्दी असेल.

बायको: कुत्रंसुद्धा नाही रस्त्यावर. चला, बसा.

(तीन दारं उघडतात, तीन दारं बंद होतात. मग बराच वेळ काहीच होत नाही.)

डॉक्टर: ऐसपैस आहे ना, वहिनी?

बायको: हो ना. पाय लांब करता येतात. आमच्या गाडीत मागे गुडघे हनुवटीला लागायचे.

मास्तर: पट्टे लावा सगळ्यांनी. आरसे बघून घ्या. डावीकडे नजर, उजवीकडे नजर. हं. घाबरायचं नाही, सावकाश निघायचं.

डॉक्टर: निघालो का?

मास्तर: निघतोय.

डॉक्टर: नाही, मला अंधूक दिसतं म्हणून विचारतो. स्टिअरिंगवर कोणी आहे का?

बायको: अहो.

मास्तर: काय गं?

बायको: उजवीकडे बघा जरा.

मास्तर: अरे देवा.

बायको: मी मागे, डॉक्टर मागे आणि हे डावीकडे. चप्पल काढून!

डॉक्टर: मला वाटलं, माझेच डोळे आणखी गेले.

मास्तर: सवय हो. पाय आपोआप इकडे वळले. यात काय एवढं? माणूस झोपेतसुद्धा आपल्याच कुशीवर वळतो.

बायको: सवय नाही ही. आत्ता लक्षात येतंय माझ्या. एवढ्या गाड्या बघितल्या, एकही चालवली नाहीत. चालवायची वेळ आली की दर वेळी काहीतरी खोट निघायची. निघायची नाही, तुम्ही काढायचात. आणि मी वेडी, घरी जाऊन रडत बसायचे.

मास्तर: रडायचीस? कधी?

बायको: तुम्ही शीळ घालायचात ना, तेव्हा. मला वाटायचं, यांना मला न्यायचंच नाहीये. शब्द दिला म्हणून नुसते फिरवतायत मला, आणि गाडी काही घ्यायची नाही.

मास्तर: अगं, नाही गं. तसं नाही.

बायको: मग कसं?

मास्तर: डॉक्टर, तुम्ही कान बंद करता का जरा?

डॉक्टर: तेवढंच तर शिल्लक आहे, मास्तर. बोला, मी कोणाला सांगणार नाही.

मास्तर: इथे, या बाजूला, माझ्या पायाखाली ब्रेक असायचा. शिकाऊ माणूस भिंतीवर घालू दे नाहीतर गटारात, मी आपला पाय दाबायचो. लोक म्हणायचे, मास्तर किती शांत! कसला शांत? दोन ब्रेकच्या गाडीत कोणीही शांत बसेल. आता मी त्या बाजूला बसलो की या बाजूला कोण? माझं चुकलं तर दाबणार कोण? पुतण्याला गाडी दिली त्या दिवशी मी ती त्याच्या दारात लावायला निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो, गाडी कडेला लावली, आणि त्यालाच फोन करून बोलावलं. म्हटलं, पाठ धरलीय. गावभर मास्तर म्हणून मिरवतो मी, आणि मला गाडी चालवायची भीती वाटते. घ्या. हसा आता.

डॉक्टर: मी नाही हसत. खांबाला विचारा, मी कशाला हसेन.

बायको: मी हसणार आहे.

मास्तर: हस. तुझा हक्कच आहे.

बायको: अहो, बरं वाटलं म्हणून हसतेय! एवढंच होतं? टीव्हीवर गाडी पळायला लागली की सोफ्यावर बसून तुमचा पाय दाबला जातो. सतरंजीला तिथे भोक पडलंय. मला कळायला हवं होतं.

डॉक्टर: मग मास्तर, गाडीत दोष सापडला का?

मास्तर: सापडला. डावीकडच्या सीटवर बसलाय.

बायको: तो तिथून हलवा आणि उजवीकडे बसवा. मी पुढे येते. उतरा.

मास्तर: अगं, पण...

बायको: उतरा म्हणते ना. डॉक्टर, गाडी आम्ही घेतली. त्या थेंबासकट. आता मागे कोणी बसायचंच नाहीये.

डॉक्टर: सध्या मी बसलोय, वहिनी. माझी काळजी करू नका. मला पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे मी घाबरणारही नाही.

मास्तर: बसलो. आता हे... क्लच कुठे आहे हिला?

डॉक्टर: क्लच नाही. ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाला काही काम नाही.

मास्तर: क्लच नाही? मग मी आजवर जेवढ्या लोकांना क्लचवरून बोललो ते सगळं फुकट गेलं म्हणायचं. आरसा बघतो. उजवा बघतो. डावा पाय उगीच ब्रेक शोधतोय गं.

बायको: शोधू दे. तुम्ही समोर बघा.

मास्तर: गेटचा खांब दिसतोय डावीकडे.

डॉक्टर: त्याला मी ओळखतो. तो मधे येत नाही, आपणच जातो. थोडं उजवीकडून घ्या.

मास्तर: हं. गिअर टाकला. आता ब्रेक सोडायचा... अगं, तू खाली वाकून काय शोधतेयस? पट्टा लाव.

बायको: लावलाय. चप्पल काढतेय.

मास्तर: चप्पल कशाला? तिथे काही नाहीये. ब्रेक नाही त्या बाजूला.

बायको: माहितीये मला.

मास्तर: मग?

बायको: घाबरायचं नाही. मी पाय ठेवलाय.