भुईचाफ्याची जागा

तेथं नाही, धरमसिंगभाऊ! तेथं नका टाकू. बाकी सगळं आंगण झाका, फाटकापासून न्हाणीपर्यंत सिमेंटचे गट्टूच गट्टू करा, माह्या पोरानं, रजतनं तसंच सांगतलं ना फोनवर — पण थे विटांचं रिंगण सोडा. काय म्हणता, काहीच नाही त्याच्यात? दिसत नाही म्हणून नाही का? भुईचाफा हाये तेथं. नाव नाही ऐकलं? कमाल करता बा, जंगलातलं फूल ते! माही लेक समीक्षा, शाळेत होती तवा सहलीले गेलती, तर बाकीच्या पोट्ट्यायनं बोरं आणले अन् हिनं ओढणीत कंद बांधून आणले. म्या म्हटलं, हळद काय आपल्या घरी कमी हाये? सारखेच दिसतात ना कंद! वास तेवढा ह्याचा फुलासारखा. हिवाळा आला का पानं वाळून जातात, जागा अशी उघडी पडते का पाव्हणा त्याच्यावर बाज टाकन. पाणी बी द्यायचं नाही तवा, सडते. अन् चैतात ऊन तापलं का पान नाही, फांदी नाही, सरळ मातीतून फूल — पांढरं, मधात जांभळं. दिवसभराचंच, पण वास! समीक्षा तर पालथी पडून वास घे, नाकाले माती लागे तिच्या.

नाही, आता इथं नसते ती. राजूरले हाये. खाणीतल्या पोराशी लगन केलं. पोरगा गुणाचा हाये हो, जात आपली नाही एवढंच. पण ह्यायनं — आमच्या सदाशिवरावनं, नाव घेतलं पाहा म्या, घेऊ द्या — दारातच सांगतलं, तू मेली आमाले. मंग एक दिवस लपूनछपून फोनवर म्या तिले म्हटलं, बाई, भुईचाफा फुलून राह्यला तोवर तुहं माहेर हाये. काहून म्हटलं काय माहीत, रडत होती, म्हटलं. तवापासून दर चैतात फोन — आई, फूल आलं का? बाबा काय म्हणतात, हे नाही इचारत. फूल आलं का, एवढंच.

अन् मंग मागच्या साली रजतचं लगन निंगालं. हळद घरचीच पायजे, मोठा मान असते. माघात ह्यायनं हळद खणली, तर हळदीसंगं हा भुईचाफा बी खणला — चुकून. पानं दोघायचेही वाळलेले, कोणाले कळते? एकाच कढईत उकडला, वाळवला, दळून आणला. मले पत्ता नाही. चैतात फूल आलं नाही तर म्हटलं येईन उशिरा. अन् हळदीच्या दिवशी पोराले पाटावर बसवलं, वाटी हातात घेतली — अन् तोच वास, भाऊ! बाया म्हणे, काकू, हळदीत अत्तर टाकलं का? सख्ख्या बहिणीले पत्रिका नाही देल्ली, चुलतबहिणीनं हळद लावली, अन् तिचा भुईचाफा भावाच्या गालाले लागून राह्यलता. म्या रडली. बायायले वाटलं, मायले आनंद झाला.

चुकूनच म्हणते मी. पण माणसाची जिंदगी हळद काढण्यात गेली, अन् ह्या विटा एकेक उचलून, खणून, परत जशाच्या तशा लावल्या — असं चुकून होते का? जाऊ द्या. म्या इचारलं नाही. इचारलं अन् हो म्हटलं, तर मंग त्या माणसाले रोज भाकर कशी वाढू मी?

हो. म्हंजे काहीच नाही तेथं. तुमी बरोबर बोलले. मीच तिले आलं, आलं म्हणून राह्यली. आता ती म्हणते, अखितीच्या सणाले येते, पोरीले फूल दाखवते, आत नाही येत, फाटकातूनच पाहीन. काय दाखवू, माती? तुमी असं करा — टाका गट्टू. टाकाच. मी म्हणन, तुह्या भावानं आंगण झाकलं, खाली हाये तो, झोपला हाये. हळदीत शिजला हे कसं सांगू? गट्टूखाली गेला हे तरी सोसन तिले. आजच सांगते. फोन आला का पहिले तेच सांगते.

थांबा. तिचाच हाये. घडीभर ठोकू नका — हं माय, बोल. हो... आलं ना. कालच आलं. दोन आले... हो, वास येऊन राह्यला, सगळ्या आंगणात... नाही, अखितीले नको येऊ. बाबा घरीच राहतात... नाही वं, रडून नाही राह्यली, धूळ उडून राह्यली इथं. — तुमी कायले थांबले, भाऊ? टाका ना!