थांबा म्हणे, थांबा!

...नाही, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे! आणि ओरडले तर काय बिघडलं? आमच्या गावचं स्टेशन बंद पडून बावीस वर्षं झाली, रुळांत गवत, तिकीटखिडकीत कबुतरं, तेव्हा कुणी फिरकलं नाही, आणि आता गावच्या समितीला पुळका आला, म्हणे इतिहासाची पाटी लावणार! लावा ना! पण पाटीवर माझे बाबा नकोत? एकतीस वर्षं स्टेशनमास्तर होते ते! दिवसाला चार गाड्या होत्या तेव्हापासून, मग दोन, मग एक, आणि ती शेवटची गेली तेव्हा हिरवी झेंडी बाबांच्याच हातात होती. मी गावाचे कपडे शिवते, पण मला शिंपीण कुणी म्हणत नाही, मास्तरांची मुलगी म्हणतात!

तर तुम्हाला सांगते, समितीला बाबांच्या नोकरीचा दाखला हवा, म्हणून मी गेले रेल्वेच्या कचेरीत. कारकून फाईल चाळतो आणि म्हणतो, "ते स्टेशन नव्हतंच, बाई. थांबा." मी थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं... त्यानं डबा खाल्ला, हात धुतले आणि मलाच विचारतो, अजून इथेच? अहो, तुम्हीच म्हणालात ना थांबा! तेव्हा कळलं, थांबा म्हणजे गाडीचा थांबा, स्टेशनाचं धाकटं भावंड! आणि थांब्याला मास्तर नसतो, तिकिटं फाडायला कंत्राटावरचा माणूस असतो. थांबा म्हणे, थांबा!

माझं डोकंच सटकलं. समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात ठाण मांडलं. त्या आपल्या गोड आवाजात, ताई, कागदावर आहे तेच लिहावं लागतं हो... कागदावर! माझा बाप कागदावर नव्हता, फलाटावर होता, भर उन्हात! तीन दिवस त्यांचं डोकं खाल्लं, अख्ख्या गावाच्या सह्या आणल्या, तेव्हा कुठे बाईंनी हात टेकले. पाटीवर बाबांचं नाव आलं, आणि पुढे 'स्टेशनमास्तर'. थांबा म्हणे, थांबा! जिरवली की नाही?

काल उद्घाटन. सगळा गाव फलाटावर. बाबा नव्वदीचे, काठी टेकत आले, पाटी वाचली, परत वाचली, बाकावर बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, हे कुणी लिहिलं? मी तिकिटं फाडायचो."

मला वाटलं, वय झालंय. म्हटलं, अहो बाबा, आणि तो काळा कोट?

"तो तुझ्या आईनं शिवला. पहिल्याच दिवशी कुणीतरी मास्तर म्हणालं... बरं वाटलं गं. मग नाही म्हणायचं राहून गेलं."

एकतीस वर्षं राहून गेलं! म्हणजे कारकून खरा, बाई खऱ्या, तो मेला कागदसुद्धा खरा, आणि तीनशे सह्यांसकट खोटी कोण? मी! थांबा म्हणे, आणि थांबाच निघाला की हो! असा संताप आला, म्हटलं, बाबा, उठा, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगून टाका. ते मान डोलावून उठलेसुद्धा. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी हाक मारली, "मास्तर, फीत कापायला या."

आणि बाबा म्हणाले, "आलो."

मी काय करणार? काठी माझ्याकडे घेतली. कात्री धरायला हात नको मोकळा?